खंदकात उतरायचं कसं

आमच्या शाळेत हस्तकला शिकवणाऱ्या बाईंना हस्तकला येत नसे. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. ती यायला हवी असं शाळेच्या नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यांचं नाव शकुंतला पालांदूरकर. आमचा सगळा दीक्षितपुरा मोहल्ला त्यांना शकुबाई म्हणायचा. लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आल्या होत्या. नवरा, नीलकंठराव, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि घरी आल्यावरही मालगाडीच्याच वेगाने बोलायचे. आधीच्या हस्तकलेच्या बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि जागा रिकामी पडली. आमचे मुख्याध्यापक बापूसाहेब घाटे यांचं ठाम मत होतं, की कागदाची फुलं आणि भरतकाम बायकांना जन्मतःच येतं, जसं पुरुषांना अध्यक्षपद. शकुबाई तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या. मुलाखतीत त्यांना एवढंच विचारलं, "रांगोळी काढता ना?" त्या म्हणाल्या, "काढते." कशी काढता, हे कुणी विचारलं नाही. नेमणूक झाली.

पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला आकाशकंदील करून दाखवला. म्हणजे करायला घेतला. थोड्या वेळाने त्यांच्या हातात जे तयार झालं ते पावसात सापडलेल्या पापडासारखं दिसत होतं. आम्ही सहावीची मुलं, तोंडावर हात ठेवून हसत होतो. दुसऱ्या कुठल्या बाई असत्या तर छडी निघाली असती. शकुबाईंनी तो पापड उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "हे तर काही जमलं नाही. काहून जमलं नाही, सांगा बरं?"

शिक्षकांनी प्रश्न विचारावा आणि त्याचं उत्तर त्यांना खरोखरच माहीत नसावं, असं आमच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. आम्ही आधी घाबरलो. मग सगळे एकदम बोलायला लागलो. काड्या कमीजास्त आहेत, खळ पातळ आहे, कागद उलटा आहे. प्रतिमा देशकर, वर्गातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची मुलगी, उभी राहून म्हणाली, "बाई, सगळंच चुकलं आहे."

"चूक काढणं सोपं," बाई म्हणाल्या. "आता त्यात काहीतरी घाल. ज्याने चूक काढली त्याने काहीतरी घालायचं, नाहीतर बसून घ्यायचं."

ही काही त्यांनी कुठे वाचलेली शिक्षणपद्धती नव्हती. स्वतःला येत नव्हतं, दुसरा इलाज नव्हता. पण त्या वर्षी दिवाळीला आमच्या वर्गाचा कंदील पेटला, टिकला आणि जळलाही नाही. बापूसाहेबांनी बाईंच्या जन्मजात कलेचं भर सभेत कौतुक केलं.

पुढच्या वर्षी, म्हणजे पासष्ट साली, लढाई लागली. मी आणि माझा वर्ग तेव्हा सातवीत होतो.

जबलपूरला लढाई लागली म्हणजे आधी तोफांच्या फॅक्टरीला लागते. वडील मंडळी दुहेरी पाळीवर गेली. घरी येत ती फक्त डबा बदलायला. खिडक्यांना काळे कागद लागले. गावात देशभक्ती इतकी वाढली, की दुधात पाणी घालणारा गवळीसुद्धा आता 'भारतमाता की जय' म्हणून घालू लागला. आणि वरून हुकूम आला की प्रत्येक शाळेने अंगणात खंदक खणावा.

बापूसाहेबांनी हुकूम वाचला आणि ताबडतोब खणायला नव्हे, तर समिती नेमायला घेतली. तिचं नाव खंदक उपसमिती. मुख्य समिती कोणती, हे मला आजवर कळलेलं नाही. अध्यक्ष झाले शालिग्राम नांदगावकर. ते फॅक्टरीत कामगारांवर देखरेख करणारे चार्जमन होते आणि त्यांचा मुलगा मुरली आमच्याच वर्गात होता. शालिग्रामकाकांचा एक सिद्धांत होता: जे ड्रॉइंगवर नाही ते जगात नाही. त्यांनी निळ्या कागदावर खंदकाचं फार सुंदर ड्रॉइंग काढलं. त्यात एक शिडीही होती. मजुरांनी त्याबरहुकूम खंदक खणला. ड्रॉइंग एखाद्या धट्ट्याकट्ट्या शिपायाच्या मापाने काढलेलं होतं. आमच्या शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंत एकही शिपाई शिकत नव्हता, शिपाई होता तो चपराशी श्यामसुंदर, आणि तोही खंदकात उभा राहिला तर फक्त टोपी दिसायची.

मग दोन दिवस पाऊस पडला. खंदकात पाणी साचलं. पाण्यात बेडूक आले. इतक्या कमी वेळात ते कुठून येतात हे विज्ञानाच्या सरांनाही सांगता आलं नाही.

सरावाचा पहिला भोंगा वाजला तो दिवस मला नीट आठवतो. बापूसाहेबांचा नियम होता: लहान मुलं आधी, मोठी शेवटी. ऐकायला किती उदात्त! पहिलीची पोरं काठावर रांगेने उभी राहिली, खाली पाहिलं आणि एका सुरात रडायला लागली. शिडीच्या पायऱ्या इतक्या दूर दूर होत्या की एकीवरून दुसरीवर पाय पोचेना. श्यामसुंदर त्यांना उचलून द्यायला पुढे झाला आणि स्वतःच खाली गेला. "अरे बाप रे, मेंढक!" एवढंच ऐकू आलं. मोठी मुलं मागून ढकलत होती. दोघांनी उड्या मारल्या आणि ते म्हशीसारखे काळे होऊन वर आले. विमानं खरोखर आली असती तर त्यांनाच कीव येऊन ती परत गेली असती.

बापूसाहेबांनी हे सगळं कचेरीच्या खिडकीतून पाहिलं आणि अहवालात लिहिलं: 'सराव समाधानकारक.'

उपसमितीची बैठक झाली. पाणी काढायला फॅक्टरीतून पंप मागवावा असं ठरलं. पंपासाठी अर्ज केला. पंप लढाईच्या कामात आहे, लढाई संपल्यावर देऊ, असं उत्तर आलं. उपसमितीने या उत्तराबद्दल आभाराचा ठराव केला.

हस्तकलेच्या वर्गाची खिडकी बरोबर खंदकासमोर होती. त्या आठवड्यात अभ्यासक्रमाप्रमाणे क्रेप कागदाचा गुलाब करायचा होता. शकुबाई हातात लाल कागद घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, बाहेर बघत. मग कागद टेबलावर टाकला.

"गुलाब राहू द्या. त्या खड्ड्यात उतरायचं कसं, ते सांगा मला."

वर्ग पेटला. प्रत्येकाकडे एक उपाय होता आणि प्रत्येकाला तो इतरांच्या आवाजावरून सांगायचा होता. पहिला अर्धा तास आम्ही फक्त भांडलो. बाई कुणाला गप्प करेनात. त्या मजेत शेंगा खात बसल्या होत्या. शेवटी आम्हीच दमलो. तेव्हा मुरली म्हणाला, "घसरगुंडी करू." हा उपाय सगळ्यांना एकदम आवडला. उपाय म्हणून नव्हे, घसरगुंडी म्हणून.

आम्ही अंगणातली ओली माती पाटीवर आणून खंदक केला. एका बाजूला उतार. मुलं म्हणून चवळीचे दाणे घेतले, प्रतिमाने घरून आणलेले. दाणे उतारावरून सोडले. सगळे सुरसुर खाली गेले आणि एकावर एक ढीग झाला.

"हे खालचे दाणे म्हणजे पहिलीचा वर्ग," मी म्हणाले. "हे तर मेले."

"आणि वर कसे येतील?" प्रतिमा म्हणाली. मग बाईंनी तिच्याकडे पाहिलं तशी घाईने पुढे म्हणाली, "दोरी लावू. गाठी मारलेली. उतरताना धरता येईल, चढतानाही. अंधारात गाठी मोजत जाता येईल."

"उतार थोडा कमी करू," मुरली म्हणाला. "म्हणजे घसरणार नाहीत, चालत जातील." घसरगुंडी सोडताना त्याचा चेहरा मात्र पडला.

असं आमचं चाललं होतं. आम्ही स्वतःवर फार खूश होतो. कुणाच्या तरी बोलण्यावर कुणीतरी काहीतरी चढवत होतं आणि शेवटी ते कुणाचं हे सांगता येत नव्हतं. त्यावरूनही भांडणं झाली. दोरीची कल्पना आपली होती असं चार जणांनी शपथेवर सांगितलं.

मग बाईंनी विचारलं, "पहिलीच्या पोरांना कुणी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. उपसमितीने तरी कुठे विचारलं होतं? प्रतिमाची धाकटी बहीण मीरा पहिलीत होती. तिला बोलावून आणलं. मोठ्या मुलांच्या वर्गात आल्यामुळे ती मान खाली घालून उभी.

"तुला उतरायची भीती काहून वाटते गं?" बाईंनी विचारलं.

"खाली बेडूक आहे."

"बेडूक नसला तर?"

मीराने विचार केला. "खाली कोणीच नसतं ना. मी एकटीच आधी जाते. मग वरून सगळे येतात अंगावर."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चवळीचे दाणे इतका वेळ समोर होते, पण दाणे काही बोलत नाहीत. आम्ही उतार मोजत बसलो होतो आणि तिला हवं होतं कुणीतरी आधीच खाली असलेलं. लहान आधी, मोठे शेवटी, हा बापूसाहेबांचा उदात्त नियमच उलटा होता. सातवीने आधी उतरायचं, खाली उभं राहायचं आणि एकेका पोराला हात देऊन आत सरकवायचं. याला ना पंप लागत होता, ना ठराव.

पाण्याचा प्रश्न उरला होता. त्यावर शकुबाईंनी स्वतः उपाय सुचवला. इतके दिवस आम्हाला बोलू देऊन त्यांनाही बोलावंसं वाटलं असणार. त्या म्हणाल्या, तळाशी वाळूची पोती टाकू, पाणी खाली राहील, आपण वर. श्यामसुंदरकडून पोती टाकवली. पाणी पोत्यांच्या वर आलं. बेडूक पोत्यांवर बसले, त्यांची तेवढी सोय झाली.

"बाई, हे तर जमलं नाही," मुरली म्हणाला.

"दिसून राहिलं आहे मला," बाई म्हणाल्या आणि वर्गात जाऊन खिडकी लावून घेतली. चूक मान्य करणं त्यांना येत असे, पण आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या पदर खोचूनच. शाळेमागे नाला होता आणि अंगणाची जमीन तिकडे उतरती होती. तिकडे चर खणून पाणी सोडायचं, असं मुरली आणि मागच्या बाकावरच्या पोरांनी मधल्या सुट्टीत शोधलं होतं. आम्ही खणायला लागलो. चर झाला, पाणी धावत सुटलं, बेडूकही गेले, आणि आम्ही ओरडून शाळा डोक्यावर घेतली. त्या आनंदात उताराची बाजू तासायला घेतली आणि काळी माती एकदम खचली. प्रतिमाची एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. शकुबाई कमरेपर्यंत चिखलात बसल्या.

नेमके तेव्हाच शालिग्रामकाका पाळी संपवून, खाकी कपड्यांतच, खंदकाची पाहणी करायला आले.

"ये क्या हो रहा है?" फॅक्टरीतून थेट आलं की त्यांची हिंदी उतरायला वेळ लागे. "बाई, हे काय लावलं आहे? माझा खंदक कोणी फोडला?"

मुरलीच्या हातातलं फावडं गळून पडलं. बाईंनी चिखलातूनच उत्तर दिलं, "हस्तकलेचा तास चालू आहे."

"याचं ड्रॉइंग कुठे आहे?"

 मग मुरलीने, रडवेल्या तोंडाने, मातीची पाटी आणून बापासमोर धरली. उतार, दोरी म्हणून सुतळी, आत चवळीचे दाणे. शालिग्रामकाकांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

"हे पडणार," ते म्हणाले. "काळी माती आहे. असा उतार उभाच राहत नाही."

"काका," बोलावलं त्या दिवसापासून आमच्यातच वावरणाऱ्या मीराचा बारीक आवाज मागून आला, "चूक काढली तर काहीतरी घालावं लागतं."

जिल्ह्यात कुणी शालिग्रामकाकांशी असं बोललं नसेल. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मग उकिडवे बसले. खिशातून पेन्सिल काढली, पण कागद नव्हता, म्हणून काडीने चिखलातच रेघा मारायला लागले. दोन्ही बाजूंना फळ्या हव्यात, मागे खुंट्या. उतारावरही फळ्या आणि त्यांवर आडव्या पट्ट्या, म्हणजे पाय सरकणार नाही. पट्ट्या किती अंतरावर? त्यांनी सवयीने मोठं अंतर सांगितलं. प्रतिमाने मीराला पुढे ढकललं आणि म्हणाली, "हिच्या पावलाने." काकांनी मीराला चिखलातून चालवलं आणि तिच्या पावलांच्या खुणांवर रेघा मारल्या. अंधार पडेपर्यंत ते तिथेच होते. मुरली नंतर म्हणायचा, बाबा इतका वेळ माझ्याजवळ बसले आणि रागावले नाहीत, असं तेव्हाच झालं.

दोन दिवसांनी मोडक्या खोक्यांच्या फळ्या आल्या. शालिग्रामकाकांनी उपसमितीत सांगितलं की हे सगळं मूळ ड्रॉइंगमध्ये होतंच, मजुरांनी वाचलं नाही.

नागरी संरक्षणाचे साहेब तपासणीला आले तेव्हा भोंगा वाजला आणि आम्ही सातवीवाले आधी खाली गेलो. मग पहिली, दुसरी, दोरी धरून, एकेक. कुणी रडलं नाही. अगदीच निर्दोष झालं असं मी म्हणणार नाही. तिसरीची मुलं मध्येच परत वर गेली, कारण त्यांना पुन्हा उतरायचं होतं. साहेबांनाही मोह आवरला नाही. पण दोरी धरणं त्यांना कमीपणाचं वाटलं आणि ते पट्ट्यांवरून बसूनच खाली आले. आम्ही हात देऊन त्यांना आत सरकवलं, नियमाप्रमाणे.

कपडे झटकत साहेबांनी विचारलं, "बहुत बढ़िया! किसने बनाया?"

"खंदक उपसमितीने," बापूसाहेब म्हणाले.

हार आले. फोटो निघाला. फोटोत बापूसाहेब, शालिग्रामकाका आणि उपसमितीचे असे दोन सभासद होते ज्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शालिग्रामकाकांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांच्या गळ्यात हार पडला. झेंडूचा हार मोठा होता, तोंडापर्यंत आला. आम्हाला टाळ्या वाजवायला सांगितल्या होत्या, आम्ही वाजवल्या.

शकुबाईंना मिळाला मेमो. अभ्यासक्रमातला गुलाब का झाला नाही, याचा खुलासा करावा. त्यांनी रात्री बसून स्वतः एक गुलाब केला आणि खुलाशाला टाचून दिला. बापूसाहेबांनी तो कोबी समजून परत पाठवला.

"बाई, आपलं नाव काहून नाही घेतलं?" प्रतिमाने वर्गात विचारलं.

आम्हाला वाटलं, आता बाई निष्काम कर्मावर बोलतील. तसा तो विषय वर्गात आम्हाला सगळ्यांनीच शिकवला होता, विशेषतः ज्यांची नावं छापून येत त्यांनी. शकुबाई म्हणाल्या, "मला तर फार राग येऊन राहिला आहे. तुम्हाला नाही येत?"

"येऊन राहिला!" सगळा वर्ग म्हणाला.

"मग त्याचं काय करायचं, सांगा."

हाही प्रश्न आम्ही आमच्या पद्धतीने सोडवला. भांडून. कुणी म्हणालं फोटो फाडू, कुणी म्हणालं फळ्या काढून नेऊ. शेवटी ठरलं की आतल्या फळीवर, अगदी खाली, सगळ्यांची नावं कोरायची. साहेब लोक वरून बघतात, त्यांना दिसणार नाहीत. जो उतरेल त्याला दिसतील. मीराचं नाव सगळ्यांत वर. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून तिच्या पावलाची आकृती काढली. शकुबाईंचं नाव कोरताना मुरलीने 'शुकबाई' केलं आणि ते तसंच राहिलं. त्या आठवड्यात लढाई थांबली.

खंदक बुजवायचा हुकूम फार लवकर आला, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात. फळ्या श्यामसुंदरने नेल्या आणि त्यांची खाट केली. तो सांगायचा, "हम तो आप ही लोगन के ऊपर सोते हैं."

आमच्या वर्गातून कुणी मोठा संशोधक निघाला असं वाचकांना वाटत असेल तर माफ करा. मुरली बँकेत चिकटला. प्रतिमा इंदूरला सासरी गेली आणि तिथे आवाजावर राज्य करते. मी मॅट्रिक होताच शिक्षिका झाले, याच शाळेत, आणि त्यामुळे पुढचं मला वर्गाबाहेर उभं राहून पाहता आलं.

एकाहत्तर साली पुन्हा लढाई लागली. बापूसाहेब निवृत्त झाले होते. नव्या मुख्याध्यापकांनी पुन्हा उपसमिती नेमली, शोधाशोध करून जुनी फाइल काढली आणि पासष्टचं निळं ड्रॉइंग मजुरांच्या हातात दिलं. चिखलात मारलेल्या रेघा फाइलला लागत नाहीत. त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत, त्याच अंगणात, बरोबर तोच शिपायाच्या मापाचा खंदक पुन्हा खणला गेला, शिडीसकट.

मुख्याध्यापकांनी शकुबाईंना बोलावलं. "बाई, मागच्या वेळी काही सुधारणा केल्या होत्या म्हणे. त्या सांगा, करून टाकू."

"मला आठवत नाहीत," बाई म्हणाल्या.

धादांत खोटं! मी तिथेच उभी होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, सांगून टाकायचं होतं ना. उतार, दोरी, पट्ट्या. एका दिवसात झालं असतं."

"त्या वेळी पाऊस होता, आता नाही. त्या वेळी मीरा होती, आता दुसरंच कोणी असेल," त्या म्हणाल्या. "आणि लतिका, माझ्या वर्गाला काही काम नको का? नाहीतर मला पुन्हा गुलाब करून दाखवावा लागेल."

त्यांनी नव्या सातवीला तोच प्रश्न टाकला. या मुलांनी पहिल्याच दिवशी पहिलीच्या पोरांना बोलावलं, हे मात्र बाईंनी त्यांना आधी सांगितलं असावं असा मला संशय आहे. पोरांची तक्रार निराळीच निघाली: खाली फार गार लागतं आणि बसायला काही नाही. माती कोरडी, टणक होती. ती कापून बुटक्या बुटक्या पायऱ्या करायच्या, रुंद, म्हणजे उतरताना पायऱ्या आणि उतरल्यावर बाकं, असं काहीसं चाललं होतं. खाली पेंढा. मला वाटलं, आमच्या उतारापेक्षा हे बरं आहे. थोडी जळलेही.

शालिग्रामकाका आता फोरमन झाले होते आणि या उपसमितीचेही अध्यक्ष होते. या वेळी त्यांना कुणी बोलवायला गेलं नाही. एका दुपारी तेच आले. हातात निळा कागद होता. वर्गाच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "बाई, आत येऊ का?"

"या. पण बसायला लहानच बाक आहे."

ते लहान बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसले. एका सात वर्षांच्या पोराने त्यांच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून सांगितलं की ही पायरी उंच आहे. काकांनी रबर मागितलं. वर्गभर शोधून एक अर्धं खाल्लेलं रबर मिळालं, ते घेऊन ते खोडायला लागले.

शकुबाई बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि पदराने वारा घ्यायला लागल्या. डिसेंबरात! समोरून मुख्याध्यापक आले.

"आत काय चाललं आहे इतका गोंधळ?"

"तुमच्या उपसमितीची बैठक," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच सगळे सभासद हजर आहेत."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली, समाधानाने, आणि इतिवृत्त वेळेवर पाठवा असं सांगून पुढे गेले.